कॅबिनेटमध्ये धूळ शिरते कुठून, आणि तिला दारातच कसं अडवायचं

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या घरातला कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागला. नागपूरचा उन्हाळा, बाहेर त्रेचाळीस, खोलीत कूलर लावूनही बत्तीस-तेहतीस. मुलाने गेम सुरू केला की दहा मिनिटांत सगळं अडखळायचं. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पत्र्यांवर) धुळीचा असा थर होता, की चिमटीत धरून उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. वाईट याचं वाटलं की दिवाळीतच मी तो डबा लख्ख केला होता. सहा महिन्यांत परत तेच!

तेव्हा पहिल्यांदा साफसफाई बाजूला ठेवून धूळ कुठून येते हे बघितलं. त्यातून जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. (आपल्याकडे सगळे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. इथे डब्याला कॅबिनेट म्हणतो, नाहीतर प्रोसेसर कुठला आणि डबा कुठला हा गोंधळ होईल.)

आधी पुसू नका, वाचा

कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि फडक्याला हात न लावता टॉर्चने आत बघा. जिथून हवा आत ओढली जाते त्या भोकांच्या कडांना धुळीच्या मिशा फुटलेल्या असतात. जिथून हवा बाहेर जाते तिथली भोकं बरीच स्वच्छ असतात. पुढचा पंखा, मागचा पंखा, वरची जाळी, कार्डांच्या स्लॉटच्या फटी, सीडी ड्राइव्ह काढून टाकल्यावर राहिलेली खिडकी, यूएसबीच्या मागच्या पट्टीची कड, सगळीकडे नजर टाका आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आमच्या डब्यात मागे स्लॉटच्या तीन पट्ट्या गायब होत्या. जुनं कार्ड काढताना कुणीतरी त्या मोडून काढलेल्या, परत लावल्याच नव्हत्या. त्या तिन्ही खिडक्यांना भरघोस मिशा होत्या आणि पुढच्या जाळीवर मात्र जेमतेम धूळ. म्हणजे हवा पुढच्या दाराने येतच नव्हती, मागच्या खिडकीतून चोरासारखी शिरत होती.

याचं कारण साधं आहे. कॅबिनेटमध्ये एकच पंखा होता, तोही मागे, हवा बाहेर फेकणारा. बाहेर जेवढी गेली तेवढी कुठून तरी आत येणारच, आणि ती सगळ्यात सोपी वाट धरते. दाराला जाळी आहे की नाही याच्याशी तिला घेणंदेणं नाही. स्वस्त कॅबिनेटमध्ये हीच तऱ्हा असते: एक पंखा मागे आणि बाकी सगळं रामभरोसे.

उलटं केलं, म्हणजे बाहेर फेकण्यापेक्षा जास्त हवा आत ढकलली, की डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेर येते. फटीतून बाहेर येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध धूळ आत पोहत येत नाही. मग अडवायची उरते फक्त एकच जागा, आत ढकलणाऱ्या पंख्याचं तोंड. तिथे जाळी लावा. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

एकदा नीट साफ करा

जुनी धूळ तशीच ठेवून नवी व्यवस्था लावली तर परिणाम कळत नाही. शिवाय आतली सुटी धूळ नव्या वाऱ्याने उडून हीटसिंकमध्येच जाऊन बसते.

कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा आणि मग पॉवरचं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा. साठलेला करंट त्यात उतरतो. डबा गच्चीवर किंवा गॅलरीत न्या. खोलीत साफ केलात तर ती धूळ संध्याकाळपर्यंत परत त्याच डब्यात जाते. तोंडाला मास्क किंवा दुपट्टा बांधा. आतल्या वस्तूंना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात टेकवा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना जी ठिणगी उडते, तीच मेमरी चिपला महागात पडते.

हत्यारं दोनच: रंगकामाचा एक इंची नवा कोरडा ब्रश आणि हाताचा इलेक्ट्रिक ब्लोअर. ब्रशने सुटं करायचं, ब्लोअरने उडवायचं. ब्लोअर वीतभर तरी लांब धरा, तोंड लावून मारू नका. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची प्लास्टिकची नळी मदरबोर्डवर फिरवू नका, घासल्याने तिच्यावर स्थिर वीज जमते. डब्याचा तळ आणि बाहेरच्या जाळ्या यांना ती चालेल.

आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर? गावाकडे आणि आमच्या इथेही सर्रास लोक डबा स्कूटरवर टाकून टायरच्या दुकानात नेतात, "मार दोन फुंकर" म्हणतात. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जमतं, तेलाचा अंश असतो, आणि दाब इतका की पंख्याची पातीही तुटू शकतात. धूळ निघते खरी, पण मागे जो तेलकट ओलावा राहतो त्यावर नवी धूळ दुप्पट चिकटते. मी दोनदा केलंय, म्हणून सांगतो.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा आइसक्रीमच्या काडीने अडवून धरा. मोकळा सोडलेला पंखा वाऱ्याने भन्नाट फिरतो, बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते.

हीटसिंकचा थर पंख्याच्या बाजूने साचतो. त्यामुळे ब्लोअर त्याच बाजूने मारला तर तो पत्र्यांमध्ये आणखी ठासला जातो. उलट्या बाजूने मारा. प्रोसेसरवर टॉवरसारखा उभा कूलर असेल तर पंख्याच्या तारेच्या क्लिपा सोडून फक्त पंखा काढता येतो, हीटसिंक जागची हलत नाही. इंटेलबरोबर येणाऱ्या गोल कूलरमध्ये पातीच्या फटींतून ब्रशचं टोक घालून काम भागवा. तो उपटून काढलात तर खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलल्याशिवाय परत बसवायचा नाही, हे लक्षात ठेवून काढा.

ग्राफिक्स कार्ड काढायचं असेल तर स्क्रू सोडल्यावर स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबायला विसरू नका. तिथे जोर करून स्लॉट उचकटलेले मी पाहिले आहेत.

एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा खोका) मात्र कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जाळीतून बाहेरूनच ब्लोअर मारा.

पंख्यांच्या पात्यांवर काळा चिकट लेप असेल तर तो स्वयंपाकघराचा आहे. फोडणीची वाफ, उदबत्ती, डासांची कॉइल, हे सगळं हवेत तेलकट कण सोडतं. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पाती पुसा. मदरबोर्डला ओलं फडकं नाही म्हणजे नाही.

पंखे मोजा, तोंडं तपासा

पंखा हवा कुठल्या बाजूला फेकतो हे ओळखायला सोपं आहे. ज्या बाजूला मधला स्टिकर आणि त्याला धरणारे तीन-चार प्लास्टिकचे हात दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळ्या पात्यांच्या बाजूने आत येते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात. शंका असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा धरून बघा. नव्या कोऱ्या असेंबल केलेल्या डब्यातही पुढचा पंखा उलटा बसवलेला मला दोनदा सापडला.

आता हिशेब. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, तिन्ही १२० मिलिमीटरचे: बहुतेक घरांना एवढं पुरतं. एक आत आणि एक बाहेर ही जोडी कागदावर बरोबरीची दिसते, पण बरोबरीची नसते. पुढच्या पंख्याला जाळी लावली की त्याची ताकद घटते, मागचा मोकळाच असतो. म्हणजे पारडं परत बाहेरच्या बाजूला झुकलं आणि फटींतून चोरी सुरू. पुढे एकच पंखा बसत असेल तर मागच्याचा वेग कमी करा, ते कसं ते पुढे सांगतो.

एसएमपीएसचाही विचार करा. नव्या कॅबिनेटमध्ये तो तळाला असतो, तळातूनच हवा घेतो आणि मागे सोडतो, त्यामुळे तो हिशेबात येत नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये तो वर असतो आणि डब्यातलीच हवा बाहेर काढतो. म्हणजे तो बाहेर फेकणारा आणखी एक पंखा झाला. जुना डबा असेल तर पुढे दोन पंखे हवेतच.

खिडक्या बंद करा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा भाग हाच, आणि लोक नेमका तोच सोडून महागड्या जाळ्या शोधत बसतात.

स्लॉटच्या पट्ट्या कॉम्प्युटरच्या दुकानात भंगाराच्या डब्यात पडलेल्या असतात. मला नागपूरच्या बर्डीवर एका दुकानदाराने चार फुकट दिल्या. मदरबोर्डच्या मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट असेंबल करणारा कधीकधी लावतच नाही, खोक्यातच राहते. ते खोकं माळ्यावर शोधा.

वर किंवा बाजूला पंख्यासाठी जाळी आहे पण पंखा नाही, अशी जागा आतून बंद करा. शाळेच्या प्रोजेक्ट फाइलचं जाड प्लास्टिक मापाने कापायचं आणि दुहेरी चिकटपट्टीने पत्र्याला लावायचं. काळी इन्सुलेशन टेप वापरू नका. आमच्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि महिन्याभरात ती लोंबायला लागते. ॲल्युमिनियमची चमकणारी टेपही आत नको. ती वीज वाहते, सुटून बोर्डावर पडली तर काय होईल ते सांगायला नको.

बंद काय करायचं नाही तेही सांगतो: मागच्या पंख्याची जाळी, एसएमपीएसची दोन्ही तोंडं, आणि ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या पट्टीवरची भोकं.

या खटाटोपाचा आणखी एक फायदा. उघड्या स्लॉटमधून फक्त धूळ येत नाही. ऊब बघून पाल आणि झुरळंही येतात. एका शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर एका सकाळी चालूच झाला नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी पाल भाजून पडली होती.

जाळी कोणती

जाळी सगळी धूळ अडवत नाही, हे आधी मान्य करू. रस्त्यावरच्या धुळीतला बारीक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो, तो कुठल्याही कॅबिनेटच्या जाळीतून आरपार जातो. जाळी अडवते ते तंतू: कपड्यांचा, चादरीचा, गादीचा भुसा, केस, कूलरच्या गवताच्या काड्या. आणि गंमत अशी की घात हे तंतूच करतात. हीटसिंकच्या पत्र्यांवर आधी ते आडवे पडतात, मग बारीक धूळ त्यांना अडकत जाते आणि गोधडी विणली जाते. तंतू नसतील तर नुसती बारीक धूळ पातळ थर धरते आणि ब्लोअरच्या एका फुंकरीत निघून जाते. म्हणून फार घट्ट जाळीच्या मागे लागू नका.

खिडकीची मच्छरजाळी फारच विरळ, तिचं भोक मिलिमीटरभर किंवा जास्तच. मलमलचं कापड किंवा दुपट्टा फारच दाट, पंख्याचा जीव जातो. पंख्याच्या मापाच्या चुंबकी कडेच्या तयार जाळ्या ऑनलाइन मिळतात, त्या चांगल्या. पुढचा पॅनेल प्लास्टिकचा असेल तर मात्र चुंबक धरणार नाही, पॅनेल काढून आतल्या पत्र्यावर लावा. घरगुती उपाय म्हणून स्प्लिट एसीची निकामी झालेली नायलॉनची जाळी कात्रीने कापून उत्तम चालते. कुठलीही जाळी तोंडासमोर धरून फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा स्पष्ट लागला पाहिजे.

जाळी पंख्याच्या बाहेरच्या बाजूला लावायची, आणि शक्य असेल तर पात्यांपासून बोटभर लांब. अगदी चिकटून लावली तर भुंग्यासारखा आवाज येतो. पुढच्या पॅनेलभर मोठी एकच जाळी लावता आली तर त्याहून चांगलं. जितकी जागा जास्त, तितकी हवा सहज येते आणि जाळी उशिरा भरते.

वेग लावणं

कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा. पंख्यांचं पान असूसच्या मदरबोर्डमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर या नावाने सापडेल. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम, तीन पिनांच्याला डीसी निवडा. तीन पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम ठेवलं की तो कायम पूर्ण वेगाने पळतो. "माझा पंखा ऐकतच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पुढचे पंखे साध्या कामात पन्नास टक्क्यांच्या आसपास, मागचा पस्तीस-चाळीसला. तापमान वाढेल तसे दोन्ही वाढू द्या, पण पुढचे नेहमी वरचढ ठेवा. सगळे शंभरावर ठेवून निश्चिंत होऊ नका. जितकी हवा जास्त तितकी धूळही जास्त, कारण ती हवेबरोबरच येते. एसएमपीएसच्या चार पिनी जाड कनेक्टरवर थेट जोडलेले रंगीत दिव्यांचे पंखे मात्र बायोसच्या ताब्यात येत नाहीत. ते शक्यतो पुढेच लावा, मागे नको.

उदबत्तीची परीक्षा

आता कळीचा भाग. डबा बंद करा, कॉम्प्युटर सुरू करा, खोलीतला छताचा पंखा, कूलर, खिडक्या सगळं दोन मिनिटं बंद. एक उदबत्ती पेटवून प्रत्येक फटीपासून इंचभर लांब धरा. धुराची रेघ बाहेर ढकलली गेली तर उत्तम. आत ओढली गेली तर तिथे अजून चोरवाट आहे: पुढचे पंखे वाढवा, मागचा कमी करा, किंवा ती फट बुजवा. हीच परीक्षा गेम सुरू करून परत करा, कारण भार आल्यावर पंख्यांचे वेग बदलतात. राख डब्यावर पडू देऊ नका, आणि परीक्षा झाली की उदबत्ती देवघरात नेऊन लावा. धूर धुळीचा सख्खा भाऊ आहे हे वर सांगितलंच.

आमच्याकडे पहिल्या फेरीत वरच्या जाळीपाशी धूर आत जात होता. मागचा पंखा पंचेचाळीसवरून पस्तीसवर आणला आणि रेघ फिरली.

तापमानही मोजा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. फक्त आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर मेचा आणि डिसेंबरचा आकडा शेजारी ठेवून उगाच घाबराल. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर आहे, तेवढंच बघायचं.

डबा ठेवायचा कुठे

जमिनीवर नको. झाडू फिरतो तो तिथेच, आणि जड धूळ, केस, भुसा जमिनीलगतच लोळतात. फूटभर उंच स्टूल पुरे. मागे भिंतीपासून चार-सहा बोटं जागा. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलात तर बाहेर फेकलेली गरम हवाच पुढून परत आत जाते. झाकण्यासाठी शिवलेली खोळ बंद असतानाच. चालू डब्यावर खोळ ठेवून वर टॉवेल वाळत घातलेला मी एका ऑफिसात पाहिला आहे.

विदर्भातल्या वाचकांसाठी खास: कूलरचा झोत डब्यावर सरळ येऊ देऊ नका. गार वाटतो म्हणून मोह होतो, पण त्यात ओलावा असतो, कधी पाण्याचे तुषारही. ओली धूळ वाळली की मातीच्या लिंपणासारखी बसते, ब्लोअरला दाद देत नाही. कोकणातल्यांना खारी हवा आहेच. तिथे पावसाळ्यात डबा महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी तासभर चालवलेला बरा, आतला दमटपणा निघून जातो.

घरात पुट्टी घासायचं काम निघालं, की कॉम्प्युटर बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुसऱ्या खोलीत. पुट्टीची पूड इतकी बारीक असते की तिच्यापुढे जाळीचं काही चालत नाही.

जाळी धुण्याचा रिवाज

मार्च ते जून दर पंधरवड्याला, बाकी वर्षभर महिन्यातून एकदा. कोमट पाणी, थोडी साबणाची पूड, आणि धार आतल्या बाजूने बाहेर. सावलीत पूर्ण वाळवूनच लावा. दोन संच ठेवले तर थांबावं लागत नाही. जाळी धुवायला आळस केला तर सगळा डाव उलटतो: भरलेल्या जाळीमुळे पुढचे पंखे गुदमरतात, मागचा जिंकतो आणि फटी परत आत ओढायला लागतात. डबा आतून उघडायचा तो वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीला आणि दिवाळीची रंगसफेदी उरकल्यावर.

धुण्याआधी जाळीकडे एकदा बघत जा. तपकिरी पूड म्हणजे खिडकी, काळा चिकटा म्हणजे स्वयंपाकघर किंवा रस्ता, राखाडी-निळा भुसा म्हणजे कपडे नाहीतर अंथरूण. आमच्या दोन जाळ्यांपैकी डावी नेहमी जास्त भरायची, तीही निळ्या भुशाने. डावीकडे दिवाण आहे आणि त्यावर निळी सोलापुरी चादर, जी रोज सकाळी तिथल्या तिथे झटकली जायची. आता ती गॅलरीत झटकतो आणि दोन्ही जाळ्या सारख्याच भरतात.